वायफाय दिसत नाही? लॅपटॉपचं नाव नको, चिपचा नंबर सांगा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि तेव्हापासून या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदललाय. चांगले चालणारे लॅपटॉप फेकायला कुणाचं मन होत नाही, मग कुणीतरी सांगतं लिनक्स टाक, ते टाकलं जातं, स्क्रीन, आवाज, कीबोर्ड सगळं चालतं आणि गाडी वायफायवर अडते. बहुतेक पत्रांत लॅपटॉपच्या कंपनीचं नाव आणि मॉडेल अगदी सविस्तर असतं पण आत कार्ड कुठलं ते नसतं, आणि ड्रायव्हरला, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला, मतलब असतो तो फक्त त्या कार्डावरच्या चिपशी. म्हणून या वेळी सगळी वायफायचीच पत्रं घेतली आहेत.

प्रश्न : आमच्या शाळेला माजी विद्यार्थ्यांनी सहा जुने लॅपटॉप दिले, साधारण २००९-१० चे. लिनक्स मिंट टाकलं, मराठी टायपिंगसकट सगळं चालतंय पण वायफायचं चिन्हच येत नाही. दुकानदार म्हणतो कार्ड गेलंय. सहाच्या सहा लॅपटॉपचं कसं जाईल? सोबत तुम्ही मागे सांगितलेल्या कमांडचं उत्तर लिहून पाठवतेय.
— एक शिक्षिका, भुदरगड तालुका, जि. कोल्हापूर

मॅडम, तुमची शंका अगदी बरोबर आहे, कार्ड गेलेलं नाही. तुम्ही ती ओळ लिहून पाठवलीत त्यामुळे माझं निम्मं काम झालं. बाकीच्यांसाठी सांगतो, टर्मिनल उघडून एलएसपीसीआय, मग एक जागा सोडून डॅश एनएनके असं सगळं लहान इंग्रजी अक्षरांत टाइप केलं की आतल्या कार्डांची यादी येते. त्यात नेटवर्क कंट्रोलर असं जिथे लिहिलंय तिथे चौकोनी कंसात दोन भागांचा नंबर असतो, पहिला भाग कंपनीचा आणि दुसरा चिपचा. ८०८६ म्हणजे इंटेल, १६८सी म्हणजे अथेरॉस, १०ईसी म्हणजे रिअलटेक, १४सी३ म्हणजे मीडियाटेक. तुमचा आलाय १४ई४:४३१५, म्हणजे ब्रॉडकॉमची बीसीएम४३१२. त्याच्या खाली "कर्नल ड्रायव्हर इन यूज" ही ओळ तुमच्याकडे नाहीये, म्हणजे कार्ड ओळखलं गेलंय पण त्याला चालवणारं अजून कुणी नाही.

या कार्डाला दोन रस्ते आहेत. एक ब्रॉडकॉमचा स्वतःचा डब्ल्यूएल ड्रायव्हर, मिंटचा ड्रायव्हर मॅनेजर तोच दाखवेल. तो चालतो, पण आतून बंद आहे, म्हणजे त्याचा कोड कंपनी दाखवत नाही, आणि कंपनीने २०१५ नंतर त्याची नवी आवृत्ती काढलेली नाही, नवा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, आला की डिस्ट्रोवाल्यांना (मिंट, उबंटू, डेबियन असे लिनक्सचे संच बनवणाऱ्यांना) त्या ड्रायव्हरला ठिगळं लावत बसावं लागतं. दुसरा रस्ता बी४३, आणि शाळेसाठी मी हाच आधी करून बघा म्हणेन कारण हा ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे, अपडेट झालं तरी सोबत राहतो. फक्त त्याला फर्मवेअर लागतं, म्हणजे कार्डाच्या आतल्या छोट्या प्रोसेसरवर चालणारी फाइल, आणि ती वाटायला परवानगी नसल्यामुळे मिंटच्या पेनड्राइव्हवर नसते, नेटवरून उतरवावी लागते. वायफाय चालू करायला नेट हवं आणि नेटसाठी वायफाय हवं, इथेच लोक हताश होतात. तर त्यावर उपाय असा की मोबाइल केबलने लॅपटॉपला जोडा, मोबाइलच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉटच्या खाली यूएसबी टेदरिंग असतं ते चालू करा, लॅपटॉपला ते साध्या वायरच्या नेटसारखं दिसतं आणि वेगळा ड्रायव्हर सहसा लागत नाही. मग सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये "फर्मवेअर बी४३ इन्स्टॉलर" शोधून टाका आणि मशीन पुन्हा चालू करा. एखाद्या मशीनवर बी४३ सारखा तुटायला लागला तर त्या मशीनवर डब्ल्यूएल टाका, पण दोन्ही एकत्र ठेवू नका, एकमेकांच्या पायात येतात.

अजून दोन गोष्टी. हे कार्ड २.४ गिगाहर्ट्झवालं आहे, ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क त्याला दिसणारच नाही, वेगही कागदावर ५४ मेगाबिटच. आणि शाळेच्या राउटरची सुरक्षा नुसत्या डब्ल्यूपीए३ वर असेल तर ती डब्ल्यूपीए२ करा, इतक्या जुन्या कार्डाला सहसा ते जमत नाही.

मॅडम, हा ड्रायव्हर कसा आला ते मुलांना जरूर सांगा. कंपनीने चिपची माहिती दिलीच नव्हती. तेव्हा काही लोकांनी कंपनीचा बंद ड्रायव्हर उलगडून चिप कशी वागते याचं फक्त वर्णन लिहून काढलं, आणि दुसऱ्या लोकांनी मूळ ड्रायव्हरकडे न बघता निव्वळ त्या वर्णनावरून नवा ड्रायव्हर लिहिला, म्हणजे नक्कल केली असं कुणी म्हणायला नको. तो २००६ च्या जूनमध्ये कर्नल २.६.१७ मध्ये आला आणि त्याचीच पुढची आवृत्ती म्हणजे हा बी४३. त्या कामामुळे आज तुमची सहा मशीन चालणार आहेत, मला हे फार मोलाचं वाटतं.

प्रश्न : २०२० साली घेतलेला लॅपटॉप, रिअलटेक ८८२१सीई. एक व्हिडिओ बघून ड्रायव्हर टाकला होता, चालला. पण दर दोन-तीन महिन्यांनी अपडेट आलं की वायफाय गायब, परत तेच सगळं करायचं. कंटाळलोय.
— एक वाचक, नाशिक रोड

कंटाळा येणं साहजिक आहे पण यात तुमची चूक काहीच नाही, तुम्ही २०२० मध्ये केलंत ते तेव्हा बरोबरच होतं. त्या काळात ही चिप स्वस्त लॅपटॉपमध्ये सर्रास यायची आणि कर्नलमध्ये तिचा ड्रायव्हर नव्हता, त्यामुळे बाहेरून कोड आणून मशीनवर कंपाइल करावा, म्हणजे मशीनला चालवता येईल असा बनवावा लागायचा. मग कर्नल ५.९ पासून, म्हणजे २०२० च्या शेवटी, आरटीडब्ल्यू८८ या ड्रायव्हरमध्ये या चिपचा सपोर्ट आला. आता तो बाहेरचा ड्रायव्हर हीच अडचण आहे. तो डीकेएमएसमधून, म्हणजे बाहेरचे ड्रायव्हर सांभाळणाऱ्या सोयीतून, दर नव्या कर्नलला पुन्हा कंपाइल व्हायला बघतो, कोड जुना असल्यामुळे फसतो, आणि टाकताना बहुतेक त्याने कर्नलमधला चांगला ड्रायव्हर ब्लॅकलिस्ट करून, म्हणजे सुरू होऊ नये असं लिहून, ठेवलेला असतो म्हणून तोही उठत नाही. तर डीकेएमएस स्टेटस ही कमांड देऊन काय काय टाकलंय ते बघा, ८८२१सीई काढून टाका, मग ईटीसी फोल्डरमधल्या मॉडप्रोब डॉट डी मध्ये जाऊन ब्लॅकलिस्टवाली ओळ असेल तर ती पुसा, आणि रीबूट करा. डेबियन असेल तर फर्मवेअर रिअलटेक हे पॅकेज आहे का ते बघा. त्यानंतर दर अपडेटला काही करावं लागणार नाही.

एवढं करून वायफाय मधेच तुटत असेल किंवा मशीनच गोठत असेल तर बऱ्याचदा पीसीआयची वीज वाचवण्याची सोय नडते. त्याच मॉडप्रोब डॉट डी मध्ये एक फाइल करून आरटीडब्ल्यू८८ पीसीआय या मॉड्यूलला (ड्रायव्हरच्या तुकड्याला) डिसेबल एएसपीएम बरोबर १ असा ऑप्शन द्या. मात्र ही चिप एका अँटेनाची आहे, शेजारच्या खोलीत सिग्नल पडतो ते ड्रायव्हरने सुधारणार नाही.

ज्यांना अजूनही बाहेरचाच ड्रायव्हर लागतो त्यांच्यासाठी एक, सिक्युअर बूट चालू असेल तर सही नसलेलं मॉड्यूल कर्नल आत घेत नाही. उबंटूवर ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात आणि पुढच्या बूटला निळी स्क्रीन येते, तिथे लोक घाबरून कंटिन्यू दाबतात आणि पुढे निघून जातात. कंटिन्यू नाही, एन्रोल एमओके निवडायचं आणि तोच पासवर्ड द्यायचा. याची कितीतरी पत्रं येतात.

प्रश्न : काल चालत होतं, आज "हार्डवेअरने बंद" असं लिहून येतंय. विंडोजही ठेवलंय त्याच मशीनवर.
— कॉलेज विद्यार्थिनी, रत्नागिरी

आरएफकिल लिस्ट ही कमांड दे. सॉफ्ट ब्लॉक्ड येस असेल तर आरएफकिल अनब्लॉक वायफाय, झालं. हार्ड ब्लॉक्ड येस असेल तर कडेचं बटण किंवा एफएन धरून विमानाचं चित्र असलेली की, ती कधीतरी चुकून दाबली जाते. हे दोन्ही नसेल तर विंडोजमध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंद कर. त्यात शटडाउन केलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धं झोपतं, आणि कार्ड भलत्याच अवस्थेत लिनक्सच्या हाती येऊ शकतं.

प्रश्न : घरच्या राउटरचं नेटवर्क मोबाइलला दिसतं, लॅपटॉपला नाही. शेजाऱ्यांचं मात्र दिसतं!
— एक वाचक, ठाणे

राउटर बहुतेक १२ किंवा १३ नंबरच्या चॅनेलवर गेलाय. भारतात २.४ गिगाहर्ट्झवर १ ते १३ चॅनेल चालतात, अमेरिकेत १ ते ११, आणि कार्डाने स्वतःला अमेरिकेतलं समजलं असेल तर वरचे चॅनेल ते बघतच नाही. आयडब्ल्यू रेग गेट ही कमांड दिली की देश कुठला धरलाय ते कळेल. तो बदलता येतो पण सगळ्यात सोपं म्हणजे राउटरमध्ये ऑटो काढून १, ६ किंवा ११ चॅनेल ठेवा, घरातल्या बाकीच्या वस्तूंनाही ते बरं.

प्रश्न : ड्रायव्हरच्या मागे लागण्यापेक्षा कार्डच बदलायचं ठरवलंय. कुठलं घेऊ? मुंबईला जाणं होतं, लॅमिंग्टन रोडवर बघेन म्हणतो.
— एक वाचक, म्हापसा, गोवा

चांगला विचार आहे, कार्ड बदलायला वेळ फार लागत नाही आणि त्रास कायमचा जातो. पण आधी झाकण उघडून आत काय बसतं ते बघून जा. साधारण गेल्या दहा वर्षांतला लॅपटॉप असेल तर एम.२ कार्ड, २२ बाय ३० मिलिमीटरचं. त्यात इंटेलचं एएक्स२१० घ्या, कर्नल ५.१० किंवा नंतरचा असला की झालं, ड्रायव्हर आत आहेच. दुकानात त्याच्या शेजारीच एएक्स२०१ पण असतं, दिसायला तसंच, आणि इथेच फसायला होतं. एएक्स२०१ हे पूर्ण कार्डच नाही, त्याचा निम्मा भाग इंटेलच्या ठराविक प्रोसेसर-चिपसेटमध्ये असतो, त्यामुळे एएमडीच्या मशीनवर किंवा जुन्या इंटेलवर ते चालणारच नाही. २०० आणि २१० चालतात, २०१ आणि २११ जपून, हे चिठ्ठीवर लिहूनच न्या.

लॅपटॉप त्याहून जुना, मिनी पीसीआय एक्स्प्रेसवाला असेल तर अथेरॉसचं एआर९२८५ किंवा एआर९४६२ असं एखादं सेकंडहँड कार्ड शोधा. एटीएच९के ड्रायव्हरवर चालतं आणि त्याला वरून फर्मवेअर लागतच नाही, लावलं की चालू. मात्र काही कंपन्यांनी बायोसमध्ये यादी घालून ठेवलेली असते, तिच्यातलं कार्ड नसेल तर मशीन बूटच होऊ देत नाही, तेव्हा दुकानदाराला परत घेशील ना असं आधी विचारून ठेवा. अँटेनाच्या तारांची बटणं नखाने सरळ वर उचलायची, तिरकी ओढली की तुटतात, आणि बॅटरी काढल्याशिवाय हात लावू नका.

यूएसबी डोंगल घेणाऱ्यांनी खोक्यावरच्या नावावर जाऊ नये. फार लोकप्रिय झालेल्या एका डोंगलच्या पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची एआर९२७१ चिप होती आणि दुसरीपासून रिअलटेकची घातली, नाव तेच, खोकं तेच. जुन्या शिफारशी वाचून लोक आजही ते घेतात आणि मग माझ्याकडे पत्र येतं.

प्रश्न : सर, ओपन सोर्स म्हणायचं आणि फर्मवेअर मात्र बंदच, हे कसं काय? मग डेबियन ते वाटतं तरी कसं?
— इंजिनीअरिंगचा विद्यार्थी, अमरावती

प्रश्न आवडला. ड्रायव्हर तुझ्या प्रोसेसरवर चालतो, फर्मवेअर कार्डाच्या प्रोसेसरवर, आणि पहिला उघडा असला तरी दुसरं बहुतेक कंपन्या उघडत नाहीत. इंटेलच्या आयडब्ल्यूएलवायफाय या ड्रायव्हरचा कोड कर्नलमध्ये सगळा दिसतो, फर्मवेअर दिसत नाही, फक्त वाटायची परवानगी आहे. ब्रॉडकॉमच्या जुन्या चिपसाठी तर तेवढीही नव्हती हे वर आलंच आहे. डेबियनमध्ये यावर वर्षानुवर्षं वाद झाला, शेवटी २०२२ मध्ये मतदान झालं आणि जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून अधिकृत इन्स्टॉलरमध्येच असं फर्मवेअर घालायला लागले, वेगळ्या विभागात, नाव स्पष्ट लिहून. मला तो निर्णय पटतो. तत्त्व सोडलेलं नाही आणि गावाकडच्या माणसाचं इन्स्टॉलेशन पहिल्या पायरीवर अडत नाही.

कंपनीने मनावर घेतलं तर काय होतं ते अथेरॉसकडे बघ. आधी मॅडवायफाय नावाचा ड्रायव्हर होता, त्याच्या पोटात हॅल नावाचा बंद तुकडा. ओपनबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमवाल्यांनी तो तुकडा उलगडून स्वतःचा उघडा हॅल लिहिला, त्यावरून लिनक्सचा एटीएच५के झाला. आणि जुलै २००८ मध्ये कंपनीने स्वतःच एटीएच९के उघडा करून दिला, त्याच ऑक्टोबरमध्ये कर्नल २.६.२७ मध्ये तो आलाही.

आणि तू फर्मवेअरचं विचारतोस म्हणून सांगतो, वर म्हटलेल्या एआर९२७१ डोंगलचं फर्मवेअरसुद्धा उघडं आहे. एटीएच९के एचटीसी नावाने शोध, सीमध्ये लिहिलेलं आहे, एक्सटेन्सा प्रोसेसरसाठी आहे त्यामुळे त्याचा क्रॉस कंपायलर, म्हणजे तुझ्या मशीनवर बसून त्या प्रोसेसरसाठी कोड बनवणारा, आधी बांधावा लागेल, त्यात एखादा दिवस जाईल. जुनं डोंगल मिळालं तर स्वतः बांधलेली फाइल लिब फर्मवेअर फोल्डरमध्ये टाकून बघ, जुनी फाइल आधी बाजूला ठेव. जिथे अडेल तिथली डीमेसेजची (कर्नलचे संदेश दाखवणाऱ्या कमांडची) ओळ जशीच्या तशी लिहून पाठव.