कॅम्पर व्हॅन बर्फात नेताय? आधी पाण्याचं बघा

जानेवारीत मनालीचा बेत आहे, झकास! जरूर जा. फक्त मुंबईच्या हवेसाठी बांधलेली व्हॅन तिथे नेताय, म्हणून सगळं लक्ष व्हॅनमधल्या पाण्याच्या लाइनवर, म्हणजे टाकीपासून नळापर्यंतच्या पाइपांवर द्या. पाणी गोठलं की साधारण 9 टक्के फुगतं आणि पाइप, जोड, पंप, जे कच्चं असेल ते फोडतं.

नवख्यांची हमखास चूक म्हणजे टाकी रिकामी केली की झालं, असं समजणं. खरं पाणी लपतं ते पंपात, गीझरमध्ये आणि शॉवरच्या नळीत. टाकी रिकामी केल्यावर नळातून नुसती हवा फुसफुसेपर्यंत पंप चालवा, मग बंद करा. गीझर थंड झाला की तोही रिकामा करा. गरम-गार दोन्ही नळ रात्रभर उघडे राहू द्या. पंपाच्या गाळणीची वाटी फिरवून काढा. तळाशी घोटभर पाणी असतंच, आणि तेवढं ती तडकायला पुरतं.

आणखी दोन गोष्टी:
- हीटर लावून झोपलात तरी सिंकखालच्या कपाटाचं दार उघडं ठेवा, ऊब पाइपपर्यंत पोचली पाहिजे.
- पाणी गोठू नये म्हणून इंजिनचं कूलंट या लाइनमध्ये कधीही ओतू नका. ते विषारी असतं.

लाइन गोठलीच तर ज्योतीने शेकू नका. नळ उघडा ठेवून त्या टोकापासून हेअर ड्रायर फिरवा.

माझं ऐकाल तर पहिल्या ट्रिपला लाइन कोरडीच ठेवा आणि 20 लिटरचे कॅन आत घेऊन वापरा. हीटिंग केबलचं, म्हणजे पाइप गरम ठेवणाऱ्या विजेच्या तारेचं, पुढच्या हिवाळ्यात बोलू.