एलिट डेंजरस (अंतराळयानांचा ऑनलाइन गेम): सॅजिटेरियस ए-स्टारला, म्हणजे आकाशगंगेच्या मध्यावरच्या कृष्णविवराला, जायला डायमंडबॅक एक्सप्लोरर घेऊ की अ‍ॅस्प एक्सप्लोरर? आधी कुठलं अपग्रेड करू?

तुम्ही म्हणता डायमंडबॅकची उडी (एका ताऱ्यावरून दुसऱ्यावर एका दमात जाणं) लांब, म्हणून तेच घ्यावं. उडी थोडी लांब आहे, खरं. तरी मी अ‍ॅस्पच सांगेन, कारण फ्युएल स्कूप, म्हणजे ताऱ्याजवळून इंधन भरून घेणारं यंत्र.

हिशोब बघा. अंतर सुमारे २५,९०० प्रकाशवर्षं. ५० च्या उडीने ५१८ उड्या, ५५ च्या उडीने ४७१. वाचल्या ४७, उडीला मिनिट धरलं तर पाऊण तास. आता ५ए ड्राइव्ह (उडी मारणारं इंजिन; आकडा म्हणजे आकार, अक्षर म्हणजे दर्जा, ए सर्वात वरचा) पूर्ण उडीला ५ टन इंधन पितो. डायमंडबॅकमध्ये मोठ्यात मोठा ४ए स्कूप बसतो, सेकंदाला ३४२ किलो, म्हणजे जवळपास १५ सेकंद. अ‍ॅस्पमध्ये ६ए, ८७८ किलो, सहा सेकंदांच्या आत काम संपतं. उडीमागे नऊ सेकंद धरले तर सगळ्या प्रवासात सव्वा तास! शिवाय उडी लांबवणारा गार्डियन बूस्टर अ‍ॅस्पमध्ये ५ नंबरचा बसतो (१०.५ प्रकाशवर्षं जास्त), डायमंडबॅकमध्ये ४ चा (९.२५). डायमंडबॅक कमी तापतं, एवढं त्याच्या बाजूने. मँडले हे जहाज परवडत असेल तर दोन्ही सोडा.

पैसे आणि वेळ आधी ड्राइव्हवर घाला. डेसियाट या तारामंडलात फेलिसिटी फारसीर या इंजिनिअरकडे १ टन मेटा-अलॉय (एक माल) द्यायचं, मग ड्राइव्हला इन्क्रीज्ड रेंज ग्रेड ५ ही सुधारणा आणि वर मास मॅनेजर हा जोड-परिणाम. त्याला लागणाऱ्या सामानापैकी आर्सेनिक आणि केमिकल मॅनिप्युलेटर्स मिळतात. गाडी अडते ती डेटामाइन्ड वेक एक्सेप्शन्स या डेटावर. त्यासाठी वेक स्कॅनर लावून स्टेशनबाहेर उडी मारून गेलेल्या जहाजांचे वेक (मागे राहिलेल्या खुणा) स्कॅन करत बसा, नाहीतर मटेरियल ट्रेडरकडून बदलून घ्या. त्यानंतर बूस्टर, मग स्कूप.

वजन उतरवायला सेन्सर, लाइफ सपोर्ट, थ्रस्टर डी दर्जाचे. पॉवर प्लांट मात्र ए, पण भागेल तेवढा लहान, कारण ए कमी तापतो. अ‍ॅस्पची ३२ टनांची टाकी १६ वर आणली तरी तीन पूर्ण उड्या होतात. टेंभुर्णीला पंप असताना सोलापुरातून कॅन भरून कशाला न्यायचा? फक्त नकाशात ओ, बी, ए, एफ, जी, के, एम एवढेच तारे चालू ठेवा. तपकिरी बटूवर इंधन मिळत नाही, आणि लहान टाकीवाले तिथेच अडकतात.

न्यूट्रॉन ताऱ्याने उडी चौपट होते, पण दर वेळी ड्राइव्ह थोडा झिजतो, म्हणून एएफएमयू (प्रवासात जहाजाचे भाग दुरुस्त करणारं यंत्र) हवंच. दुरुस्ती सुपरक्रूझमधून (ताऱ्याभोवतीच्या वेगवान प्रवासातून) बाहेर येऊन करा, कारण दुरुस्त होणारं मॉड्यूल तेवढा वेळ बंद पडतं. पॉवर प्लांट त्याने दुरुस्त होत नाही, तो जपा. श्वेत बटूच्या नादी लागू नका, उडी फक्त दीडपट होते आणि त्यासाठी जहाज जातं. शील्ड काढून वजन वाचवणारेही भेटतील. जड ग्रहावर उतरताना त्यांचं हसू होतं.

आणि सोलो मोडलाही (एकट्याने खेळतानाही) सर्व्हर, म्हणजे इंटरनेट लागतं. उन्हाळ्यात लाइटचा भरवसा नसेल तर राउटर इन्व्हर्टरवर घ्या.