‘प्रश्न उद्भवत नाही’ वाचणारी मुलगी

पत्र : सर, मी सोलापूरच्या पूर्व भागात टॉवेलच्या कारखान्यात दिवाणजी आहे. मुलगी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला, विषय राज्यशास्त्र. तिच्या वयाच्या पोरी मोबाइलवर काय काय बघतात, ही विधानसभेचं कामकाज बघते. सांगोल्याच्या आबांनी, म्हणजे गणपतराव देशमुखांनी, पूर्वी काय विचारलं, मंत्री काय बोलले, सगळं वहीत उतरवते. अशा चार वह्या भरल्या. माझ्या आईने बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडली होती, ते ऐकल्यापासून तर रोजगार हमीच्या मागेच लागली आहे. मंडळी म्हणतात बी.एड. करू दे, मी म्हणतो बँकेच्या परीक्षा दे. पुढारी व्हायचंय का, असं विचारलं तर म्हणते, ‘नाही, हे काम चालतं कसं ते शिकायचंय.’ यात पोटापाण्याचं काही आहे का? वहीच्या एका पानाचा फोटो सोबत जोडतो.
— एक वडील, सोलापूर

नमस्कार,

फोटो पाठवलात ते फार बरं केलंत. पत्रापेक्षा मी ते पानच जास्त वेळ बघत बसलो.

पानावर रस्त्याच्या कामाबद्दलचा एक जुना तारांकित प्रश्न (मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा) उतरवलेला आहे. या प्रश्नांचा साचा ठरलेला असतो. आधी ‘हे खरे आहे काय’, मग ‘असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली’, शेवटी ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत’. खाली मंत्र्यांचं उत्तर : ‘(१) हे खरे नाही. (२) व (३) प्रश्न उद्भवत नाही.’ संपलं. आणि शेजारी तुमच्या मुलीने लाल शाईने लिहिलंय, ‘महिना चुकीचा लिहिला म्हणून सुटले. मंजूर रक्कम विचारायला हवी होती.’

दिवाणजी, ही ओळ लिहायला काही लोकांची एक आख्खी टर्म जाते.

काय झालंय बघा. विचारणाऱ्याने पहिल्या भागात दहा गोष्टी कोंबल्या आणि त्यातला एक तपशील चुकला. खात्यातल्या हुशार माणसाने तेवढंच पकडून ‘हे खरे नाही’ असं लिहून दिलं. तांत्रिकदृष्ट्या ते उत्तर बरोबरही आहे. पहिला भाग पडला की पुढचे दोन आपोआप पडतात, आणि रस्ता तसाच राहतो. मुरलेला सदस्य असा प्रश्न देत नाही. मंजुरी कोणत्या तारखेची, रक्कम किती, त्यातली खर्च किती, काम किती शिल्लक, एवढंच तो विचारतो. याला ‘खरे नाही’ म्हणून सुटता येत नाही, आकडा द्यावाच लागतो. आणि आकडा एकदा सभागृहात आला की पुढच्या अधिवेशनात त्याच्यावरच दुसरा प्रश्न बांधता येतो.

लोकसभेतही तेच तंत्र. तिथे एका दिवसाच्या यादीत २० तारांकित प्रश्न असतात, प्रश्नोत्तराचा तास एकच. आपल्या क्रमांकाची पाळी आली तर मूळ प्रश्नकर्त्याला दोन उपप्रश्न मिळतात. नाही आली तर लेखी उत्तरावर समाधान. मंत्र्यांच्या तोंडून ‘तपासून माहिती देऊ’ असं निघालं की ते आश्वासन म्हणून नोंदलं जातं. लोकसभेत ते तीन महिन्यांत पुरं करायचं असतं, आणि पाठपुराव्याला आश्वासन समिती असते. टीव्हीवर गोंधळ दिसतो, समित्या दिसत नाहीत. म्हणून ‘तिथे नुसती भांडणं चालतात’ असं आपल्याला वाटतं.

तुमच्या मुलीचे आदर्श गणपतराव देशमुख आहेत, याचं सोलापूर जिल्ह्यात कुणाला नवल वाटायला नको. १९६२ साली ते पहिल्यांदा निवडून आले, १९७२ आणि १९९५ मध्ये हरले, तरी एकाच सांगोला मतदारसंघातून, एकाच शेतकरी कामगार पक्षाकडून ११ वेळा आमदार झाले. २०१९ ला स्वतःहून थांबले, ३० जुलै २०२१ रोजी गेले. लोक आबांची आठवण काढतात ती एसटीच्या प्रवासाची आणि साध्या राहणीची. ती खरीच आहे. पण माझं मत विचाराल तर या साधेपणाच्या गोष्टींखाली त्यांचं खरं काम झाकलं जातं. साधं राहून कोरड्या तालुक्यात पाणी येत नाही. टेंभू आणि म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांच्या पाण्यासाठी ते सभागृहात आणि बाहेर वर्षानुवर्षं चिकटून राहिले. सरकारं बदलली, मंत्री बदलले, यांचा विषय बदलला नाही. मुलीला सांगा, त्यांचं एखादं गाजलेलं भाषण पाठ करण्यापेक्षा एकच विषय धरून त्यांचे वेगवेगळ्या वर्षांतले प्रश्न सलग लाव. प्रश्नोत्तरांच्या याद्या आणि कार्यवृत्तं विधानमंडळाच्या संकेतस्थळावर बघता येतात.

संसदेतलं असंच उदाहरण हवं असेल तर मधू लिमये. पुण्याचा माणूस, बिहारातल्या मुंगेर आणि बांका इथून लोकसभेवर गेला. मागे संख्याबळ नाही, हातात नियमांचं पुस्तक. हरकतीचा मुद्दा (नियम मोडला की उठवायचा) आणि हक्कभंग (सभागृहाच्या अधिकारांना धक्का लागला की आणायचा) ही हत्यारं त्यांनी अशी वापरली की लिमये उठले की मंत्री कागद चाळायला लागत, असं जुने लोक सांगतात. आणीबाणीत लोकसभेची मुदत वाढवली, तेव्हा तुरुंगातून सदस्यत्वाचा राजीनामा दिला. नियम पाळणाऱ्यालाच नियम कुठे मोडला ते कळतं.

आता रोजगार हमी. बहात्तरची दुष्काळी कामं ही सरकारने केलेली मदत होती. वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते, योजनेची मूळ कल्पना त्यांची. १९७७ साली कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला, आणि काम मागणं हा हक्क ठरला. देशाचा कायदा त्यानंतर, २००५ साली आला. आता यातली गंमत. या योजनेला पैसा हवा म्हणून १९७५ साली राज्याने व्यवसाय कर आणला. तुमच्या पगारातून महिन्याला दोनशे रुपये कापले जात असतील तर ते हेच. आजीने फोडलेली खडी आणि बाबांच्या पगारातली कपात एकाच कायद्याच्या धाग्यात आहेत, हे तिला अजून सापडलेलं नसेल तर सांगू नका, तिचं तिला सापडू द्या.

पोटापाण्याचं बोलू. आहे, पण सरळ रस्ता नाही, हे आधीच सांगतो.

राज्यघटनेच्या १८७ व्या अनुच्छेदाप्रमाणे विधिमंडळाचा कर्मचारीवर्ग सरकारपासून वेगळा असतो. त्यातलं एक पद मला तिच्यासाठी फार जुळणारं वाटतं : प्रतिवेदक. सभागृहात खाली बसून, आळीपाळीने, बोललेला शब्द न् शब्द टिपणारी माणसं. यासाठी मराठी लघुलेखन (शॉर्टहँड) लागतं. राज्य परीक्षा परिषदेच्या लघुलेखनाच्या परीक्षा टप्प्याटप्प्याने वेग वाढवत मिनिटाला १२० शब्दांपर्यंत जातात. मी स्वतः तरुणपणी १०० ला दोनदा आपटलो आणि तो नाद सोडला. तेव्हा हे सोपं आहे असं तोंडावर सांगणार नाही. रोज पहाटे तासभर हात चालवावा लागतो, आणि जागा मोजक्या, जाहिरात कधी निघेल याचा नेम नाही. पण कोर्टातही लघुलेखक लागतात, म्हणून शिकलेलं वाया जात नाही.

दुसरं, कायदा. बी.ए. झाल्यावर तीन वर्षांचं एलएल.बी. सोलापुरातच दयानंद विधी महाविद्यालयात होतं, सीईटी द्यावी लागेल. विधेयकाचा मसुदा, पोटनियम, ‘परंतुक’ कशाला म्हणतात, हे तिथे हाताखालून जातं. बी.एड.ला माझा विरोध नाही. पण लाल शाईची ती ओळ लिहिणाऱ्या मुलीला मी आधी कायद्याच्या वर्गात बसवीन.

दिल्लीत पीआरएस ही संस्था ‘लॅम्प’ नावाची फेलोशिप चालवते. पंचविशीच्या आतल्या पदवीधराला एका खासदाराबरोबर जवळपास वर्षभर काम करायला मिळतं : प्रश्न तयार करणं, विधेयकाची टिपणं काढणं. इंग्रजी बरं लागतं. त्यासाठी आतापासून रोज एक इंग्रजी अग्रलेख मोठ्याने वाचायला लावा. हिंदी सोलापूरकरांना शिकवावी लागत नाही.

आमदारांचे स्वीय सहायक हाही एक मार्ग आहे. प्रश्न लिहितात ते बहुतेक वेळा तेच. माझ्याकडे सल्ल्याला आलेला एक मुलगा हे काम करायचा, चांगला तयार झाला, पण साहेब पडले आणि दुसऱ्या महिन्यापासून तो घरी. शिकायला दोन वर्षं ठीक, संसार त्याच्यावर उभा करू नये. बँकेचं आणि एमपीएससीचं तुम्हाला माहीतच आहे. राज्यघटना आणि कारभार तिचा आयता पक्का झालाय, तेवढा फायदा धरा.

एक लगेच करण्यासारखं. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात राष्ट्रकुल संसदीय मंडळाची महाराष्ट्र शाखा राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी संसदीय अभ्यासवर्ग घेते. निवड विद्यापीठांमार्फत होते. दिवाळीच्या आधीच तिने विभागप्रमुखांना जाऊन भेटावं, परिपत्रकाची वाट बघत बसू नये. ‘एकटी नागपूरला?’ असं मंडळी विचारतील. एकटी नाही, विद्यापीठाच्या गटाबरोबर.

आणि एक काम तुम्हा दोघांना मिळून. उजनी धरण भरलेलं असतानाही आपल्या नळाला रोज पाणी का येत नाही, यावर तिला तीन भागांचा तारांकित प्रश्न लिहायला सांगा. अट एकच : ‘हे खरे नाही’ असं उत्तर देता येता कामा नये. मग तुम्ही तो दिवाणजीच्या नजरेने तपासा. कुठला आकडा मागायचा राहिला, हे कीर्द-खतावणी लिहिणाऱ्याला तिच्यापेक्षा लवकर दिसेल. झाला की मला पाठवा, मीही लाल शाई घेऊन बसतो.

ता. क. आजींना त्या वेळी दिवसाची मजुरी किती मिळायची, हप्ता कधी व्हायचा, सुकडी (दुष्काळी कामावर वाटायचा पौष्टिक आहार) मिळायची का, हे तिने विचारलंय का? पाठवलेल्या पानावर तरी ते दिसलं नाही.