आधी घरातली पाल

सातारा, रविवार

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

बँकेने तुझी पहिलीच नेमणूक थेट अंदमानला केली, हे ऐकून तुझी आई रडली आणि मला हसू आलं. तुझ्या मेसेजमध्ये प्रश्न एकच : काका, लांबचं टिपायला चारशे मिलिमीटरची लेन्स घेऊ की सहाशेची? दोन्ही नकोत. पहिले सहा महिने तुझी ती सेकंडहँड मॅक्रो (अगदी जवळून बारीक टिपणारी लेन्स) आणि कॅमेऱ्याबरोबर आलेली लेन्स पुरे. उरलेल्या पैशांत पावसाळी बूट घे.

चाळकेवाडीचं पठार आठवतं? एप्रिलचं ऊन, डोक्यावर पवनचक्क्यांची घरघर आणि तू सरड्यासमोर पालथी पडलेली. पहिला तासभर तू नुसत्या शेपट्या टिपल्यास. मग कंटाळून हलायची थांबलीस, आणि दगडावरच्या नराने गळ्याचा पंखा उघडला. निळा, काळा, केशरी. बाजूने जाणारा गुराखी म्हणाला, 'सरडाच तर हाय.' त्याच सरड्याची २०१६ साली नवी जात म्हणून नोंद झाली, सारडा सुपर्बा नावाने. आपला मराठी सरडा थेट शास्त्राच्या पोथीत जाऊन बसला! पुढे २०१८ मध्ये याच पठारावरचा अभ्यास छापून आला : पवनचक्क्यांपाशी शिकारी पक्षी फारसे फिरकेनासे झाले, म्हणून तिथे सरडे वाढले आणि धीटही झाले. तुझ्या सरड्याने तुला इतकं जवळ येऊ दिलं, त्यात तुझ्या संयमाचा वाटा किती आणि पवनचक्कीचा किती, हे मी तेव्हा मुद्दामच सांगितलं नाही.

अंदमानातही सुरुवात अशीच कर. सेल्युलर जेल आणि निळ्या समुद्राचे फोटो सगळेच काढतात, तूही काढशील, आईला पाठव. मला मात्र तुझ्या खोलीबाहेरची पाल हवी आहे. आपली पाल रात्री ट्यूबलाइटपाशी येते. तिथली एक पाल दिवसा हिंडते, पोपटासारखी हिरवीगार, पाठीवर तांबडे ठिपके. नारळी-केळीवर, परसात, भिंतीवरसुद्धा दिसते, फुलातला मध चाटते. तिचे सख्खे भाऊबंद पार मादागास्करच्या बाजूला. अंदमानच्या माणसाला तिचं काही वाटत नाही, चाळकेवाडीच्या गुराख्यासारखंच. रोज त्याच झाडापाशी उभी राहा. ती कुठे ऊन खाते, कोणत्या पानाआड पळते हे पाठ झालं की मग कॅमेरा उचल.

वेळेचं एक ध्यानात ठेव. घड्याळ साताऱ्याचंच, सूर्य मात्र वेगळा. पोर्ट ब्लेअर (आता श्री विजयपुरम म्हणायचं, मला अजून जमत नाही) आपल्यापेक्षा जवळजवळ १९ अंश पूर्वेला आहे. ऋतूप्रमाणे तासाभरापासून जवळजवळ दीड तासापर्यंत आधी उजाडतं, आणि वर्षभर संध्याकाळी सहाच्या आत सूर्य मावळतो. म्हणजे बँकेतून सुटशील तेव्हा उजेड संपलेला. तुझा खरा वेळ पहाटे पाच ते साडेसात. झोपाळू आहेस, म्हणून स्पष्ट लिहितो.

दुसरं घड्याळ भरती-ओहोटीचं. आपण डोंगरातली माणसं, यात अडाणी. भरती दिवसातून दोनदा आणि रोज साधारण ५० मिनिटं उशिरा. कोकणातले लोक तिथीची पाऊणपट करून वेळ काढतात, पण तो हिशेब कोकण किनाऱ्याचा, अंदमानात चालायचा नाही. तिथल्या होडीवाल्यालाच विचार. ओहोटीला खारफुटीच्या चिखलात निवट्या बाहेर येतात, मासे असून चिखलावर उड्या मारतात. पोटाशी प्लॅस्टिक घेऊन आडवी हो, कॅमेरा त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला आण. वरून काढलेली निवटी चिखलाच्या गोळ्यासारखी दिसते. पण होडीवाला नको म्हणेल तिथे पाण्याशी वाकायचं नाही. कृष्णाकाठच्या मगरी तू पाहिल्यास, तिथली खाऱ्या पाण्यातली मगर त्यांच्याहून कितीतरी मोठी असते.

पांढऱ्या वाळूवर कॅमेरा फसतो, सगळं करडं करतो. एक्स्पोजर एक स्टॉपने (म्हणजे उजेड दुप्पट) वाढव आणि हिस्टोग्राम, म्हणजे कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख, बघ. वाळूतून शंख चालताना दिसला तर समज, आत खेकडा आहे, दुसऱ्याच्या टाकलेल्या घरात राहणारा. म्हणून रिकामा शंख घरी आणायचा नाही. ते कुणाचं तरी पुढचं घर आहे. पोवळ्याचा तुकडाही नको, त्याला कायदाही आहे. रॉस बेटावर (आता नेताजींच्या नावाचं) चितळ माणसाजवळ येतात, सागरेश्वर अभयारण्याची आठवण येईल. फोटो काढ, पण खाली लिही की ही हरणं इंग्रजांनी आणून सोडलेली. त्यांना खाणारा तिथे कुणी नाही, आणि ती जंगलातली कोवळी रोपं संपवतात.

कासवांच्या किनाऱ्यावर रात्री फ्लॅश नाही आणि पांढरी बॅटरी नाही. पिल्लं उजेडाकडे वळतात आणि समुद्र चुकतात. तिथल्या जारवा आदिवासींचे फोटो तर कधीच नाहीत, गाडीतून नाही, मोबाइलवर नाही. १९५६ पासूनचा कायदा आहे, आणि कायदा नसता तरी मी हेच लिहिलं असतं.

आता माझी फजिती. तरुणपणी महाबळेश्वरला एका हॉटेलच्या लग्नाच्या ऑर्डरी घेत होतो. अख्खा पावसाळा लेन्स चामड्याच्या पेटीत बंद ठेवली, जिवापाड जपली म्हणून. दसऱ्याला उघडली तर काचेत कोळ्याचं जाळं. बुरशी! तीन महिन्यांची कमाई गेली. अंदमानात ती हवा जवळजवळ बारमाही. लेन्स हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या ओल शोषणाऱ्या दाण्यांबरोबर ठेव, दाण्यांचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर शेकून परत टाक. आणि वापरत राहा, वापरातल्या लेन्सला बुरशी सहसा धरत नाही. एसीच्या खोलीतून बाहेर पडलीस की बॅगची चेन लगेच उघडू नकोस, काच धुक्याने भरते. अर्धा तास थांब. किनाऱ्यावर लेन्स बदलायची नाही. परतल्यावर गोड्या पाण्याने ओलसर केलेल्या फडक्याने बॉडी पूस, मग कोरड्या.

प्रत्येक फोटोला तारीख, वेळ आणि भरती की ओहोटी एवढं वहीत लिही. महिन्याने पालीचे दहा फोटो पाठव. दहा पाली नकोत, एकाच पालीचे.

सिलिका जेलच्या पुड्या पार्सलने पाठवतोय. त्याच खोक्यात कंदी पेढे आहेत. पुड्या पेढ्यांच्या डब्यात ठेवल्या नाहीत, तेव्हा तिथल्या दमट हवेत ते दोन दिवसांत संपव.

तुझा,
मोती चौकातला काका