स्वीट म्हणजे गोड नव्हे, मग काय?

प्रश्न : ताई नमस्कार. डिसेंबरमध्ये आमच्या लग्नाला २५ वर्षं होतायत. लेक पुण्यात नोकरीला आहे, तिने मुंबईला फोर्टात जुन्या इमारतीतलं एक बुटीक हॉटेल शोधलंय आणि तिथला लक्झरी स्वीट दोन रात्री बुक करते म्हणते, रात्रीचे १६ हजार! आमचे हे म्हणाले, स्वीट म्हणजे काय, जेवणात गोड जास्त का? खरं सांगायचं तर मलाही नीट माहीत नाही. एवढे पैसे घालावेत का, आणि तिथे अवघडल्यासारखं नाही ना होणार?
– एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : आधी तुम्हा दोघांचं अभिनंदन. स्वीट म्हणजे झोपायची खोली वेगळी आणि बसायची वेगळी, हा मूळ अर्थ. पण हा शब्द कुणीही कशालाही लावतं. ज्युनिअर स्वीट म्हणजे तर बहुतेक वेळा एकच मोठी खोली आणि कोपऱ्यात सोफा. त्यात बुटीक हॉटेल म्हणजे छोटं, वीस-तीस खोल्यांचं, आणि जुन्या इमारतीत भिंती जिथे आहेत तिथेच राहणार, त्यामुळे एक खोली दुसरीसारखी नसते. मजाही त्यातच आहे आणि गोचीही.

मी एकदा अशीच फसलेय. नाव नको, पण फोर्टातलंच हॉटेल. फोटोत उंच छत, लाकडी फ्लोअरिंग, चार खांबांचा पलंग, सगळं होतं, म्हणजे खोटं काहीच नव्हतं. फक्त लिफ्ट नव्हती आणि खोली तिसऱ्या मजल्यावर, आणि त्या जुन्या इमारतींचे मजले म्हणजे आपल्या आत्ताच्या दीड मजल्याएवढे, गुडघे बोलायला लागले. वर जाऊन कौतुकाने पडदा सारला तर समोर डक्ट, म्हणजे इमारतीच्या आतली अरुंद मोकळी जागा, त्यात एसीचे डबे आणि त्यांच्यावर एक कबुतर अंडी उबवत बसलेलं. दोन दिवस मी आणि ते कबुतर एकमेकींकडे बघत होतो.

म्हणून लेकीला सांगा, साइटवरचे फोटो बघून नुसतं बुक करू नको, हॉटेलला फोन कर. आम्हाला देणार ती खोली कोणती, तिचेच फोटो पाठवा, किती स्क्वेअर फूट, खिडकी रस्त्याकडे की डक्टकडे, लिफ्ट आहे का. आणि लाज न वाटता बाथरूमचं विचारायचं, कारण हल्ली डिझाइनच्या नावाखाली बाथरूमला नुसती काच लावतात. २५ वर्षांनंतरही माणसाला भिंत लागते हो.

पैशांचं म्हणाल तर १६ हजारांवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे रात्रीचे १८,८८०. आधी विचारा की सांगितलेला दर टॅक्स धरून आहे का. सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० पर्यंतच्या खोलीला ५ टक्केच टॅक्स आहे, वर गेलं की पूर्ण रकमेवर १८. म्हणजे ७,५०० ची खोली ७,८७५ ला पडते आणि ७,६०० ची ८,९६८ ला! माझं मत विचाराल तर स्वीट एकच रात्र घ्या, दुसऱ्या रात्री त्याच हॉटेलात साधी खोली. दिवसभर बाहेर भटकणार असाल तर बसायच्या खोलीचे पैसे त्या सोफ्यालाच. आणि नाताळ ते ३१ डिसेंबर टाळता आलं तर टाळा, दर चढलेले असतात.

सकाळची पंचवटी एक्स्प्रेस वेळेवर असली तर अकराच्या आत सीएसएमटीला उतराल, पण चेक-इन बहुतेक ठिकाणी दुपारी दोनला. बॅगा रिसेप्शनवर ठेवून घेतात, पैसे नाही लागत सहसा, तेवढ्यात काळाघोड्यापर्यंत पायी फिरून या. वाटेत वॉटसन हॉटेलची लोखंडी सांगाड्याची इमारत आहे, तिथेच ७ जुलै १८९६ ला आपल्या देशात पहिल्यांदा सिनेमा दाखवला. तेव्हाचं ते लक्झरी हॉटेल, आजची तिची अवस्था बघून यांना सांगा, स्वीट बघा म्हणावं.

अवघडायचं काय त्यात? छोट्या हॉटेलात दुसऱ्या दिवशी पोरं नावाने ओळखतात. ब्रेकफास्टला पोहे मागा, मिळतील नाहीतर नाही. फ्रीजमधलं चॉकलेट मात्र दर बघितल्याशिवाय फोडू नका.

प्रश्न : हॉटेलच्या रेस्टॉरंटमध्ये जेवलो तर बिलात १० टक्के सर्व्हिस चार्ज आपोआप लावला. द्यावाच लागतो का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नाही. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच सांगितलंय की तो आपोआप लावायचा नाही, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टानेही ते उचलून धरलं. शांतपणे काढायला सांगा, नाहीच ऐकलं तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे. वाढणाऱ्या पोराच्या हातात मात्र आपणहून काहीतरी ठेवा.