फोटोत कोण आहे ते नको, दर कोण ठरवतं ते विचारा

प्रश्न : आम्ही चौघी मैत्रिणी, सगळ्या पन्नाशीच्या पुढच्या. हिमालयात सोपासा ट्रेक करायचं ठरतंय. ‘महिलांनी चालवलेला, पर्यावरणपूरक’ असं लिहिलेल्या बऱ्याच जाहिराती पाहिल्या. सगळीकडे हसऱ्या बायकांचे फोटो. यातलं खरं कोणतं आणि नावापुरतं कोणतं, हे घरबसल्या कसं ओळखायचं? आणि बायका पुढे असल्या की प्रवास आपोआप पर्यावरणपूरक होतो का?

उत्तर : तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण त्याचं उत्तर एका शब्दाचं आहे. नाही.

बाई जन्मतः निसर्गप्रेमी असते वगैरे भाबड्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. पण डोंगरातल्या गावांत पाणी भरणं, सरपण आणणं, पाहुणे गेल्यावर कचरा आवरणं हे बहुतेक ठिकाणी बायकांच्याच वाट्याला येतं. त्यामुळे पर्यटनाने काय बिघडतं ते त्यांना आधी कळतं. नेपाळमधल्या अन्नपूर्णा परिसरात १९८६ पासून संवर्धन प्रकल्प सुरू आहे. तिथल्या ‘आमा समूहां’नी, म्हणजे गावातल्या आयाबायांच्या मंडळांनी, पायवाटा दुरुस्त केल्या, गावं झाडली. ट्रेकच्या वाटेवर ओझोनने शुद्ध केलेलं पाणी विकणारी केंद्रं उभी राहिली, तीही अशा मंडळांनी चालवायला घेतली. ट्रेकरने स्वतःची बाटली पुढे करायची, थोडे पैसे द्यायचे, भरून घ्यायची. प्लॅस्टिकची बाटली वर गेलीच नाही की ती खाली कोण आणणार हा प्रश्नच उरत नाही, आणि पैसा गावातच राहतो. जाहिरातीत ‘ग्रीन’ असं काही न लिहिताही हे होतं, हे लक्षात ठेवा.

आता खरं-खोटं. नेपाळमधल्याच पोखरा शहरात लकी, डिकी आणि निकी छेत्री या तीन बहिणी लॉज चालवत होत्या. उतरायला येणाऱ्या बायका पुरुष गाइडांकडून झालेल्या त्रासाचे किस्से सांगायच्या. त्यावर ‘काळजी घ्या हं’ म्हणून थांबण्याऐवजी बहिणींनी १९९४ मध्ये स्वतःची ट्रेकिंग कंपनी काढली आणि पुढे संस्था स्थापून गरीब घरांतल्या मुलींना गाइडचं मोफत प्रशिक्षण द्यायला घेतलं. लडाखमध्ये थिनलस चोरोल यांनी २००९ मध्ये बायकांच्याच मालकीची ट्रॅव्हल कंपनी सुरू केली. त्यांच्या ट्रेकमध्ये गावातल्या घरी मुक्कामावर भर असतो. म्हणजे कुरणात तंबू ठोकायचे नाहीत, आणि मुक्कामाचे पैसे घर सांभाळणाऱ्या बाईपर्यंत पोचतात. या दोन्ही ठिकाणी बाई फोटोतही आहे आणि हिशेबाच्या वहीतही. मी बघते ती वही.

तेव्हा कंपनीला फोन करा आणि सरळ विचारा, मालक कोण, मुक्कामाचे पैसे कोणाच्या हातात जातात, दर कोणी ठरवला. गाइड मुलींना हंगाम संपल्यावर काही काम असतं का, भार वाहणाऱ्यांचा विमा आहे का, एकावर किती किलो लादता, हेही विचारा. अंघोळीचं पाणी सौर बंबावर तापतं की लाकडावर, हा प्रश्न तर नक्कीच विचारा. लाकडावर असेल तर ते सरपण कोणाच्या पाठीवरून आलं असेल, हे वेगळं सांगायला नको. ज्याला यातलं काही माहीत नाही आणि जो ‘मॅडम, सगळं इको आहे’ एवढंच म्हणत राहतो, त्याचा नंबर डिलीट करा.

एवढ्या चौकश्या कशाला, असं वाटेल. जागतिक पर्यटन संघटनेच्या २०१९ च्या अहवालानुसार पर्यटनात काम करणाऱ्यांत ५४ टक्के बायका आहेत, आणि त्यांची कमाई पुरुषांपेक्षा १४.७ टक्क्यांनी कमी आहे. बायका दिसतात भरपूर, म्हणूनच त्यांच्या दिसण्यावर जायचं नाही.

आणखी एक, जे ब्रोशरमध्ये कधीच नसतं. घरात पाहुणे आले की त्या घरच्या बाईचा दिवस लांबतो. शेत, गुरं, मुलं आहेतच, वर आपले चहा-नाश्ते. चांगल्या गावांत पाहुणे पाळीपाळीने घरोघर वाटून देतात. एकाच घरावर भार येत नाही आणि सगळी कमाई एकाच घरातही जात नाही. तुमच्या मुक्कामी अशी पाळी आहे का ते पाहा. नसेल तर निदान सगळ्यांसाठी एकच जेवण, एकाच वेळी, एवढा नियम चौघींनी आपसात करून घ्या. वेगवेगळ्या फर्माईशी घरी करा!

प्रश्न : ताई, मी २६ वर्षांची आहे, एकटी फिरते. विमानाने गेलं की बाकीचं सगळं पर्यावरणपूरक वागणं फुकट, असं मित्र म्हणतो. कार्बन भरपाईचे, म्हणजे आपल्या प्रवासाच्या प्रदूषणाच्या बदल्यात झाडं लावण्यासारख्या कामांना द्यायचे, पैसे भरले तर चालतं का?

उत्तर : अगं, मित्राचं अर्धं बरोबर आहे. २०१८ मध्ये ‘नेचर क्लायमेट चेंज’ या विज्ञान नियतकालिकात आलेल्या अभ्यासात जगाच्या एकूण हरितगृह वायू उत्सर्जनात पर्यटनाचा वाटा सुमारे ८ टक्के निघाला. त्यात प्रवासाचा भाग मोठा होता, पण खाणं आणि खरेदीही होती. म्हणजे विमानातून उतरल्यावर तू काय करतेस तेही मोजलं जातं, फुकट काही जात नाही.

हवामानासाठी लढणाऱ्या स्वीडनच्या ग्रेटा थुनबर्गने विमान टाळायला २०१९ मध्ये शिडाच्या बोटीने अटलांटिक ओलांडला. तू बोट शोधत बसू नकोस. जिथे रेल्वे जाते तिथे रेल्वेने जा. विमानच लागत असेल तर थेट जाणारं आणि इकॉनॉमीचं घे. बिझनेस क्लासची एक सीट जास्त जागा खाते, म्हणून इंधनातला तिचा वाटाही जास्त. आणि दोन-दोन दिवसांच्या चार सहलींऐवजी एकदाच जाऊन लांब मुक्काम कर. एकटीने फिरताना त्याचा वेगळा फायदा आहे. आठवड्याभरात गावातल्या बायका ओळखायला लागतात, आणि रात्रीची कोणती वाट टाळायची ते त्यांच्याइतकं नीट कुठलंच ॲप सांगत नाही.

भरपाईचे पैसे आधी उड्डाणं कमी करून मग भर. उड्डाणं तेवढीच ठेवून भरणार असशील, तर मित्राला माझ्यातर्फे सांग, तू बरोबर होतास.