विहिरीतले नायट्रेट विजेने काढता येईल का?

प्रश्न : आमच्या विहिरीच्या पाण्यात लिटरमागे १०० मिलिग्रॅम नायट्रेट निघाले. विजेने ते काढता येते असे वाचले. स्टीलच्या दोन पट्ट्या आणि बॅटरी चार्जर घेऊन घरी जमेल का? (एक वाचक, वर्धा जिल्हा)

उत्तर : पिण्याच्या पाण्यासाठी हा उद्योग करूच नका. चार्जरच्या धन टोकाला जोडलेली स्टेनलेस स्टीलची पट्टी विरघळते. क्रोमियम आणि निकेल पाण्यात उतरतात. आगीतून फुफाट्यात!

रीतसर संचात ऋण बाजूला (कॅथोड) तांबे किंवा तांबे-जस्त असते आणि धन बाजूला (अ‍ॅनोड) इरिडियम-रुथेनियम ऑक्साइडचा लेप दिलेले टायटॅनियम. कॅथोडवर नायट्रेटचे आधी नायट्राइट आणि पुढे बहुतांशी अमोनिया होते. खरी मेख इथे आहे : नायट्रेट गेले तरी नायट्रोजन पाण्यातच राहतो. अर्धवट सोडलेल्या कामात नायट्राइट उरते, ते तर तान्ह्या बाळाला जास्तच घातक. अमोनियाचा निरुपद्रवी नायट्रोजन वायू व्हायला अ‍ॅनोडवर पाण्यातल्या क्लोराइडपासून क्लोरीन तयार व्हावे लागते. अमोनियातल्या १ ग्रॅम नायट्रोजनला सुमारे ७.६ ग्रॅम क्लोरीन लागते. कमी पडले तर क्लोरामाइन (अमोनिया आणि क्लोरीनचे संयुग) उरते, फार झाले तर मोकळे क्लोरीन आणि क्लोरेट (क्लोरीनचाच एक क्षार). म्हणून फक्त नायट्रेट तपासून भागत नाही. नायट्राइट, अमोनिया आणि क्लोरीनही मोजावे लागते.

विजेचा हिशेब असा. १०० वरून ४५ वर (भारतीय मानकाची मर्यादा) यायचे तर १००० लिटरमागे ५५ ग्रॅम नायट्रेट काढायचे. एका नायट्रेटला अमोनिया होईपर्यंत ८ इलेक्ट्रॉन लागतात, म्हणजे १९० अँपिअर-तास. पण बरीच वीज हायड्रोजन काढण्यातच जाते (खोली हवेशीर हवी ती त्यामुळेच). ३० टक्के कार्यक्षमता आणि ५ व्होल्ट धरले तर सव्वातीन युनिटच्या आसपास. वीज परवडेल, निगा परवडणार नाही. जड पाण्यात कॅथोडवर क्षारांचा पांढरा थर बसतो आणि तेवढ्याच प्रवाहाला व्होल्टेज चढत जाते. थर पाडायला ध्रुव (धन-ऋण जोडण्या) उलटवतात, पण तांब्याचा कॅथोड असेल तर तांबेच पाण्यात विरघळेल. असा कॅथोड सौम्य सायट्रिक आम्लाने धुवावा.

घरी पिण्या-स्वयंपाकापुरता आरओ बसवा. नायट्रेट जावे म्हणून पाणी उकळू नका. वाफ जाते, नायट्रेट मागे राहते आणि प्रमाण वाढते. अहवालात ‘नायट्रेट-नायट्रोजन’ लिहिले असेल तर आकड्याला ४.४३ ने गुणा, म्हणजे नायट्रेटचा आकडा मिळेल. आरओचे सोडलेले पाणी विहिरीजवळ ओतू नका. मुरून ते पुन्हा त्याच विहिरीत येईल.